खांद्याच्या मापाची बंदूक

आज सकाळी बांधावर उभी राहून भुईमुगाचं एक झाड उपटून पाहिलं. मुळांना ओल्या मातीचे गोळे आणि त्यांत लपलेल्या पांढुरक्या, कोवळ्या शेंगा. एक फोडून तोंडात टाकली. दाणा कमी आणि दूध जास्त. मेढ्याच्या वरच्या अंगाला, आमच्या या उतारावर, भादवा असाच येतो. सकाळी समोरचा डोंगर धुक्यात नाहीसा होतो, दुपारी ऊन चटका देतं आणि संध्याकाळी गवत पुन्हा ओलं होतं. बांधावर तेरडा फुललाय. हे दिवस आले की माझे कान आपोआप ओढ्याकडे लागतात. शेंगेत दूध भरल्याचं रानडुकरांना कसं कळतं हे मला अजून उमगलेलं नाही, पण त्यांना ते माझ्याआधी कळतं एवढं नक्की.

आणि आजच जुईचा निरोप आला. जुई, तू लिहिलंस की मैत्रिणीच्या वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला तू शिकते आहेस, तिकडे कॅनडात त्याची रीतसर परीक्षा असते आणि ती तू उत्तीर्ण झालीस. आता तुला पहिली रायफल घ्यायची आहे. पुढे लिहिलंस, "आजी, माझी चण तुझ्यासारखीच. खांद्याला कमी धक्का देणारी कोणती घेऊ? बाबाला विचारलं, तर तो म्हणतो हा विषयच नको."

विषय नको म्हटलं की विषय संपतो, असं तुमच्या बाबाला लहानपणापासून वाटतं. आपल्या घरात धक्का तोलून बंदूक निवडलेलं माणूस मी एकटीच आहे, तेव्हा उत्तर मीच देणार. मात्र ते एका ओळीत मावणारं नाही. अर्णव, तूही वाच. बहिणीला चिडवायला उपयोगी पडेल असं यात थोडंफार आहे.

तुमचे आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मी सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून मोकळी झाले, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या या गावी राहायला आलो. मी सांगलीची, हळदीच्या पेठेच्या वासात वाढलेली, सपाट जमिनीवरची. इथे सुरुवातीला उतारावर चालताना कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटायचं. मग पाय शिकले. भात लावायला शिकले, घेवडा तोडायला शिकले, आणि भुईमूग तर माझाच झाला.

आबांकडे पीक राखायच्या परवान्यावरची दुनळी बंदूक होती, बारा बोरची. भादव्यात रोज दिवेलागणीला ते बांधावर जायचे, बंदुकीचा दस्ता कमरेशी धरायचे, नळी आभाळाकडे करायचे आणि एक बार काढायचे. डोंगरात तो आवाज घुमत जायचा. थोड्या वेळाने पलीकडच्या वाडीतून कुणाचा तरी बार उत्तरासारखा यायचा. स्वयंपाकघरात मी त्या आवाजावर भात चढवायची. सगळ्या खोऱ्याची रीत हीच होती. बंदुका होत्या, परवाने होते, पण सगळे बार आभाळात. कुणी वर्षानुवर्षं बंदूक खांद्याला लावलीच नव्हती.

काही वर्षांपूर्वी, माघात, आबा गेले. परवाना माणसाच्या नावाचा असतो, माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून ती साताऱ्याच्या दुकानात जमा झाली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून मागायला मी कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनाने आधी कागद पाहिले आणि मग चष्म्यावरून मला.

"आजी, मुलाच्या नावानं करा की."

"मुलगा कॅनडात आहे. डुकरं इथे आहेत."

त्याने अर्ज पुढे सरकवला.

तुमच्या बाबाशी मात्र इतक्या थोडक्यात भागलं नाही. रोज फोन. एकटी कशी राहणार, पडलीस तर कोण बघणार, पुण्याचा फ्लॅट रिकामा आहे. शेवटी आम्ही एक ठरवलं. फक्त हा हंगाम. भुईमूग घरात आला तर मी इथे राहणार आणि तो पुन्हा तो विषय काढणार नाही. डुकरांनी नेला तर शेत पड टाकायचं, घराला कुलूप लावायचं आणि मी पुण्याला जायचं. त्याने लगेच मान्य केलं. त्याला उताराची अवस्था ठाऊक होती. वरून ओढ्यापर्यंत एकेक करून सगळी शेतं पड पडली होती. जिथे नाचणी आणि वरी डुलायची तिथे घाणेरीची झुडपं छातीएवढी झाली होती आणि त्या झुडपांत डुकरांनी घरं केली होती. शेत ओसाड पडलं की डुकरं वाढतात आणि डुकरं वाढली की शेजारचं शेत ओसाड पडतं. आमच्या बांधाला लागून हौसाचं शेत होतं, तेही तसंच पडलेलं.

हौसा माझ्याहून बरीच लहान, पण तोंडाने कुणालाही भारी. तिने मला पहिला धडा दिला. ज्येष्ठात पेरणी केली त्या दिवशी ती बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, ह्ये कुणासाठी पेरताय?"

"माझ्यासाठी."

"डुकरास्नी इचारलं का?"

त्या काळी मी शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या. सगळेच बांधतात, लाल, पिवळ्या, जरीच्या, वाऱ्यावर हलल्या की डुकरं बिचकतात म्हणे. माझ्या शाळेच्या साड्या होत्या त्या, स्टार्च केलेल्या, सुती. बंदूक हाती यायच्या आधी एकदा संध्याकाळी माळ्यावर बसून मी पाहिलं. माळा म्हणजे राखणीला बसायचं लाकडी मचाण, शेताच्या वरच्या टोकाला. पलीकडच्या वाडीतून बार झाला. ओढ्याकाठी चरणाऱ्या कळपाने डोकी वर केली, कान हलवले आणि पुन्हा नाकं मातीत घातली. वर्गात घंटा झाल्यावर जुनी, निर्ढावलेली मुलं जशी हलतसुद्धा नाहीत, तशी. इतकी वर्षं आम्ही त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की या आवाजाने काही होत नाही.

तेव्हा मी ठरवलं की मी आभाळात बार काढणार नाही. बंदूक खांद्याला लावणार, आणि जनावराकडे बघून लावणार. वनखात्याकडून आपल्या शेतात शिरलेल्या डुकरापुरती लेखी परवानगी काढायची वाट असते. ती मी काढली. राहिला प्रश्न माझ्या खांद्याचा. सांगलीत स्कूटरवरून पडून उजव्या खांद्यापाशी हासळीचं हाड मोडलं होतं आणि ते जरा वाकडंच जुळलं होतं, त्यामुळे आबांची बारा बोर मला झेपेल असं वाटत नव्हतं.

गावात फौजेतून आलेले पुरुष भरपूर, आणि माझ्या प्रश्नावर प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. सगळ्यांत मोठं उत्तर तात्यांचं. तात्या म्हणजे माझे धाकटे दीर, हवालदार म्हणून परतलेले. त्यांच्याकडे स्वतःची रायफल होती, थ्री फिफ्टीन. जुन्या फौजी थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण म्हणावी अशी. तात्या त्या रायफलीबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे.

"वैनी, घ्यायची तर ह्यी घ्या. न्हाईतर टू टू घ्या आन् वानरं हाका. बाईमाणसाला तेवढं बास हाय."

"मधलं काही नाही?"

"बंदूक हाय ती वैनी, पोळपाट न्हवं, लहान-मोठा बघाय."

"पोळपाटसुद्धा मी हाताच्या मापानंच घेतला होता, तात्या."

परवान्यासाठी बंदूक हाताळायचं शिक्षण घ्यावं लागतं, म्हणून श्रावणात मी साताऱ्याच्या रायफल क्लबवर जायला लागले. शिकवणारी मुलगी वैशाली, जेमतेम तुझ्या आत्ताच्या वयाची, जुई. बाकी शिकाऊ म्हणजे वेण्या बांधलेल्या शाळकरी मुली आणि दोन पोलीस भरतीवाले. मी पहिल्यांदा टू टू रायफल चालवली आणि मला ती फारच आवडली. टाचणयंत्राने कागद टाचावेत इतकाच आवाज आणि तितकाच धक्का. लक्ष्यावरच्या कागदाला माझी भोकं जवळजवळ पडली. मी घरी येताना एस.टी.त खिडकीशी बसून स्वतःशी हसत होते. प्रश्न सुटला होता. कमी धक्क्याची बंदूक मिळाली होती.

मी हे हौसाला सांगितलं. ती शेणी थापत होती. थापता थापता थांबली.

"लहान गोळीची का?"

"हो. खांद्याला लागत नाही."

"मग डुकरालाबी लागायची न्हाई."

ती उठून मला घरात घेऊन गेली. तिचा नवरा पाय लांब करून बसला होता. तिने त्याला चड्डी जरा वर सारायला लावली. मांडीवर गुडघ्यापासून वरपर्यंत गेलेला व्रण, दोन्ही कडा न जुळलेला, पांढरा पडलेला. त्याला लंगडताना मी रोज पाहायची, पण कारण कधी विचारलं नव्हतं. कुणीतरी खालच्या अंगाला हलक्या बंदुकीने डुक्कर जखमी केलं होतं. ते मेलं नाही, घाणेरीत जाऊन बसलं, आणि दुसऱ्या दिवशी हा तिथे गवत कापायला वाकला.

"मारायचं आसंल तर मारा, बाई," हौसा म्हणाली. "आर्धं मारून आमच्या रानात धाडू नगा."

त्यानंतर मी टू टूचं नाव काढलं नाही. जुई, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. कमी धक्का म्हणजे किती कमी, हे तुझा खांदा ठरवत नाही. समोरचं जनावर ठरवतं. ते एका गोळीत, फार न तडफडता पडायला हवं. तेवढी ताकद आधी मान्य करायची आणि त्यातला कमीत कमी धक्का मग शोधायचा. उलट्या क्रमाने गेलं की हिशेब कुणाच्या तरी मांडीवर निघतो.

मग तात्यांची थ्री फिफ्टीन. ते मोठ्या उत्साहाने ती घेऊन क्लबवर आले. वैशालीने मला पडून, वाळूच्या पिशवीवर नळी टेकून एक गोळी झाडू दिली. दात दातांवर आपटले, चष्मा कपाळावर गेला आणि त्या वाकड्या जुळलेल्या हाडात वीज गेल्यासारखं झालं. मी चष्मा खाली ओढला. तात्या मिशीतल्या मिशीत खूश.

"लाथ मारती ना? फौजेत पयल्या दिशी समद्यांना मारती. पुरुषमाणूस गप बसतो, एवढंच."

घरी येऊन आरशात पाहिलं. खांद्याजवळ जांभळं मोठं वर्तुळ. दर दिवशी ते रंग बदलत गेलं, वांग्याचा, मग लिंबाचा. मला त्या वर्तुळापेक्षा तात्यांचं वाक्य जास्त लागलं होतं. पुरुषमाणूस गप बसतो. म्हणजे त्यालाही लागतंच.

पुढच्या खेपेलाही तात्या रायफल घेऊन सोबत आले, तेव्हा वैशालीने एक खेळ केला. नेम शिकणाऱ्याला ती रायफल स्वतः भरून द्यायची आणि मधेच, न सांगता, रिकामं काडतूस घालायची. माझी पाळी झाली. मग मी म्हटलं, तात्यांनाही द्या. तात्या ऐटीत आडवे झाले. चाप ओढला. काडतुसात दारूच नव्हती, त्यामुळे आवाज आला नाही, धक्का आला नाही. पण तात्यांच्या रायफलीची नळी एकदम खाली दबली, डोळे गच्च मिटले आणि खांदा मागे गेला. न बसलेल्या धक्क्याला ते आधीच भ्यायले होते. शाळकरी मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

वैशाली शांतपणे म्हणाली, "काका, गोळी सुटायच्या आधीच तुम्ही नेम सोडता."

परतताना मेढा जवळ आल्यावर तात्या म्हणाले, "वैनी, ह्ये गावात सांगू नगासा."

मी गावात सांगितलं नाही. नातवंडांना सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

धक्क्याची भीती नेम बिघडवते, ही इतकी साधी गोष्ट कुणी बोलत नाही, कारण बोलायचं तर लागतं हे कबूल करावं लागतं. मी वाचलेल्या इंग्रजी लेखांतही कमी धक्क्याच्या रायफलींवर हटकून लिहिलेलं असायचं की त्या स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी. जणू बाकीच्यांचे खांदे बाभळीचे आहेत. मी हंडे वाहिले आहेत, भाताचे भारे वाहिले आहेत, तुमच्या बाबाला कडेवर घेऊन वह्या तपासल्या आहेत. माझा खांदा नाजूक आहे म्हणून मी माप विचारत नव्हते. मला नेम चुकवायचा नव्हता म्हणून विचारत होते. जुई, तुला दुकानात कुणी हसलं, तर हे वाक्य त्याला ऐकव. इंग्रजीत तू माझ्यापेक्षा बरं बोलशील.

थ्री फिफ्टीन मी घेतली नाही, पण धक्क्यामुळे नाही. माळ्यावर बसून मी समोर पाहत होते आणि समोरच्या उतारावर शाळा सुटलेली मुलं पायवाटेने येत होती, निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखी. रायफलची गोळी डुकराला लागली किंवा चुकली, तरी पुढे जाते, फार लांब जाते. इथल्या दरीत पलीकडे कायम कुणीतरी असतं. बारा बोरचे मोठे छर्रे जवळून काम करतात आणि लवकर दमतात. इतकी भटकून मी पुन्हा आबांच्या बंदुकीपाशीच आले.

पण ती आबांची होती. आबा सहा फुटी. परवाना मिळाल्यावर साताऱ्याच्या दुकानात मी ती हातात घेतली, दस्त्याचं टोक कोपराच्या घडीत धरलं आणि बोट चापाकडे नेलं. बोट पोचेना. दस्ता एवढा लांब, की तो खांद्याला नीट बसणारच नाही, पुढे कुठेतरी दंडावर टेकणार आणि तिथेच आपटणार. पोलक्याची बाही बेतताना जसं माप घेतात, तसं मी दोरी लावून माप घेतलं. दुकानदार सज्जन माणूस. त्याने मला एक सडपातळ एकनळी दाखवली. "मॅडम, ही घ्या, लेडीजसाठी हलकी आहे." मी ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. हलकी बंदूक जास्त लाथ मारते, कारण धक्का गिळायला तिच्या अंगात वजनच नसतं. जड बंदूक तो निम्मा स्वतःच सोसते. हे मी वाचलं होतं आणि आता हातांना कळत होतं. मी म्हटलं, "हीच जुनी ठेवा. दस्ता कापून द्या. कापल्यावर कमी झालेलं वजन शिशाने आत भरा."

ही बातमी तात्यांच्या कानी गेली. दुसऱ्या दिवशी ते अंगणात येऊन उभे राहिले, चपला न काढता.

"दादाची बंदूक कापायची म्हणता?"

"दस्ता. चार बोटं."

"दादाचा हात घासून त्यो दस्ता गुळगुळीत झालाय, वैनी. तेंची खूण हाय ती."

हे मलाही ठाऊक होतं. तो लाकडाचा भाग मी दुकानात बराच वेळ कुरवाळला होता. पण मी तात्यांना म्हटलं, "त्यांचा फौजेचा कोट उसवून मी माझी बंडी केली, तेव्हा तुम्ही आला नाहीत. त्यांची आठवण मला काचेत ठेवायची नाही, तात्या. ती माझ्या अंगाला बसली पाहिजे. त्यांचं शेत राखायचंय."

तात्यांनी चपला काढल्या. मग ओट्यावर बसले आणि चहा मागितला.

दस्त्याच्या टोकाला रबराची गादी हवी होती. दुकानातली होती ती दगडासारखी कडक झालेली. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक जुना विद्यार्थी, दिलीप, इंजिनाखाली बसवायच्या रबरी गाद्या बनवतो. मी दस्त्याच्या टोकाचा आकार कागदावर काढून घेऊन गेले. तो कारखान्याच्या दारात घाईघाईने शर्टाची बटणं लावत आला, शाळेत उशीर झाल्यावर यायचा तसाच.

"मॅडम, कशाला त्रास घेतला? फोन करायचा की. काय ट्रॅक्टरला बसवायचंय?"

"बंदुकीला."

त्याचा हात बटणावरच थांबला. "तुमच्या?"

"माझ्या."

"आयला," म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हंजे सॉरी, मॅडम. वर्गात तुमच्या हातात खडू होता तेच बरं होतं म्हणायचं आमी."

तीन-चार प्रकारचं रबर त्याने अंगठ्याने दाबून दाखवलं. मी मधलं घेतलं, ना फार मऊ ना कडक. त्याने पैसे घेतले नाहीत. मी दिवाळीला शेंगा पाठवायचं कबूल केलं. शेंगा अजून जमिनीत होत्या आणि डुकरं ओढ्यात. तरी कबूल केलं.

भादव्याच्या शेवटी शेंगांत दाणा धरला. हौसा रोज दिवस कलताना माझ्यासोबत माळ्यावर येऊन बसायला लागली. मी बोलावलं नव्हतं. सोबत ती शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणायची आणि तिथल्या तिथे गावातल्या सगळ्यांची बिनपाण्याने करायची, अगदी हळू आवाजात. एका संध्याकाळी ती एकदम गप्प झाली. तिच्याच पडीक शेतातल्या घाणेरीतून एक मोठा नर बाहेर आला आणि बांधावर उभा राहिला. पाठीवरचे केस उभे, नाकाडाला चिखल. अजून पुरता उजेड होता.

"मारा," हौसा कुजबुजली.

"नाही."

"आवं बाई, का? समूर हुबा हाय."

"त्याच्या मागे वाट आहे."

तो बांधावर होता आणि त्याच्यामागे रिकामी दरी, पलीकडची पायवाट. मी थांबले. तो सावकाश खाली उतरला, माझ्या भुईमुगात आला आणि नाक मातीत खुपसून एका दमात ओळीची ओळ उलथायला लागला. शेंगा फुटल्याचा आवाज वर ऐकू येत होता. आता वरून पाहता त्याच्यामागे फक्त शेताची माती होती. मी दस्ता खांद्यात बसवला, गाल लाकडाला लावला. बोट चापाला न ताणता पोचलं. मी डोळे उघडे ठेवले.

पावसाने फुगलेलं दार खांदा लावून उघडावं, तेवढाच धक्का होता तो.

नर दोन-चार ढांगा पुढे गेला आणि भुईमुगाच्या ओळीतच आडवा झाला. पुन्हा हलला नाही. बाकीचा कळप घाणेरी मोडत ओढ्याकडे पळाला आणि तो पळायचा आवाज खूप वेळ येत राहिला. हौसाने माझा हात गच्च धरला होता. तो सोडवून मी बंदूक उघडून रिकामी केली. आम्ही थोड्या वेळाने खाली उतरलो. त्याच्या जबड्याला माझ्या शेंगांचं दूध लागलेलं होतं. मला आनंद झाला नाही. पस्तावाही झाला नाही. त्याला तिथे जगायचं होतं आणि मलाही. मी फक्त एवढंच पाहिलं, की त्याला दुसरी गोळी लागली नाही.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, डुक्कर पुरलं गेलं. तात्या खड्ड्याच्या काठावर मान हलवत उभे होते.

"येवढं मटण मातीत," ते म्हणाले. "वैनी, नेम तुमचा, पर नशीब त्या मातीचं."

त्यानंतर त्या हंगामात कळप आमच्या उतारावर आला नाही. पलीकडच्या वाडीत आभाळातले बार चालूच होते. मी मात्र पुन्हा बार काढला नाही. संध्याकाळी नुसती बंदूक खांद्याला लावून बांधावर फिरून यायची, आणि वाटायचं घाणेरीतून कुणीतरी बघतंय.

तर जुई, तुझी रायफल. तुमच्याकडच्या गोळ्यांच्या मापांवर मी इतकं वाचलंय, की तुझ्या मैत्रिणीचे वडील दचकतील. नुसत्या हरणासाठी टू फोर्टी थ्री पुरेल, धक्का खरंच कमी, आणि तुझ्या हातून सरावही भरपूर होईल. पुढे कधी त्याहून मोठ्या सांबरासारख्या जनावरामागे जायचा विचार असेल तर सेव्हन एम एम झिरो एट बघ; तिचा धक्का जरा जास्त, पण सोसण्यासारखा. कुणी हलकी, सुंदर, डोंगरात न्यायला सोपी रायफल गळ्यात मारायला लागलं तर ती उचल, कौतुक कर आणि परत ठेव. दस्ता कोपराच्या घडीत धरून बोट पोचतंय का ते पहिल्यांदा बघ. रबराची गादी लाव. सरावाला मधेच रिकामं काडतूस घालायला सांग, आणि स्वतःची नळी दबली तर लाजू नकोस. आणि जनावराच्या मागे माती आहे, की दुसरं काही, हे दर वेळी बघ. दिसत नसेल तर घरी जा. त्या दिवशी रिकाम्या हाताने परत आलीस तरी ती शिकारच.

आणि बाबापासून लपवू नकोस. त्याला समोर बसवून सांग. तो चिडेल. चिडू दे. माझ्यावरही चिडायचा.

अश्विनात भुईमूग काढला. उतारावरच्या बायका आल्या, हौसा तर उजाडायच्या आत. उपटलेल्या झाडांचे ढीग, वाळलेल्या पाल्याचा तो कडवट-गोड वास, मांडीवर पाटी घेऊन शेंगा तोडत बसलेल्या बायकांची अखंड बडबड. अंगणभर शेंगा वाळत पडल्या. पावलांखाली त्या खुळखुळायच्या. हौसा तोडता तोडता मधेच म्हणाली, "बाई, आमच्या रानातली घाणेरी तोडाय कोण येतंय का बघू का?" मी म्हटलं, बघ.

त्या आठवड्यात तुमच्या बाबाचा फोन आला. त्याने शेंगांचं विचारलं. मी सांगितलं.

"बरं झालं, आई. खरंच. ठरल्याप्रमाणे मी काही बोलणार नाही. पण झालं ना आता तुझ्या मनासारखं? एकदा करून दाखवलंस. आता विकून टाक सगळ्या, आणि चार महिने तरी..."

"सगळ्या नाही विकता येणार. बियाणं काढून ठेवलंय."

"किती?"

"बांधाच्या दोन्ही बाजूंना पुरेल इतकं."